डाव्या दारावरचा पोचा

भाऊबीज होऊन गेली होती. गुरुवारी सकाळी, नऊला पाच-सात मिनिटं कमी असताना, सखाराम डिचोलीच्या बाजारातल्या गोकुळदास फोटो स्टुडिओची पायरी चढला आणि पायताण बाहेर काढून आत आला. स्टुडिओत पायताण काढायची कुणाला सक्ती नव्हती. पण सखाराम दोडामार्गाकडचा, जुन्या वळणाचा. भिंतीवर कुणाच्या तरी बापाचा हार घातलेला फोटो असला की तिथं तो पायताण घालून जात नसे.

"बाय, पासपोटाचो फोटो व्हयो," तो म्हणाला. "आठ प्रती."

चंद्रावतीनं चष्म्यावरून बघितलं. शर्टाला इस्त्री होती, केस पाणी लावून विंचरलेले होते. डोळे मात्र चार दिवस झोप न मिळालेल्या माणसाचे.

"या वयात दुबईला चाललास की काय रे?"

"दुबय खंयची! वास्कोक जातंय. बंदरार डायवर घेतत म्हणतत. अर्जाक फोटो लावूचो लागता."

"आणि गुरुदासाची गाडी कोण चालवणार?"

सखाराम पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर जाऊन बसला. हात मांडीवर ठेवले. मग मालकाचं नाव न घेता सांगितलं, "पात्रांवान माका काढून टाकल्यान."

चंद्रावती त्या वेळी एकोणसाठ वर्षांची होती. तिचा बाप गोकुळदास सर्वणचा. घरची नारळाची भाटं होती, पण त्याला मातीपेक्षा काचेचं वेड जास्त. त्यानं बाजारात दोन खणांची जागा घेऊन स्टुडिओ थाटला तेव्हा चंद्रावती पहिलीत होती. भावांना त्या अंधाऱ्या खोलीचा आणि औषधांच्या वासाचा कंटाळा. ही मात्र शाळेतून आली की दप्तर टाकून बापाच्या मागं आत शिरायची. बाप गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, आणि स्टुडिओ कुणी चालवायचा हा प्रश्न घरात कुणी विचारलासुद्धा नाही. लग्नांचे फोटो काढता काढता हिचं लग्न राहून गेलं, असं लोक म्हणत. ती म्हणे, "आठशे लग्नं जवळून बघितली. तेवढी पुरेत."

फोटोपेक्षा तिच्या तोंडाची ख्याती मोठी होती. भर मांडवात तिनं नवऱ्या मुलाच्या काकाला "तुमचं पोट मागं घ्या, नाहीतर तुम्ही मागं जा" असं सुनावलं होतं. तरी लोक तिलाच बोलवत, कारण तिच्या फोटोत माणूस जसा असे तसाच दिसे. नाक बसकं तर बसकं, रंग सावळा तर सावळा. चेहऱ्याला गुळगुळीत करून देणारं यंत्र बाजारात आलं तेव्हा तिनं ते शिकून घेतलं आणि वापरायचं नाही असं ठरवलं. एकदा एका मुलीची आई भांडायला आली, मुलीचा रंग उजळ करून द्या म्हणून. चंद्रावती म्हणाली, "मुलगी द्यायची आहे की फोटो?" आई दुसऱ्या स्टुडिओत गेली.

माणसांच्या खालोखाल तिनं जर कशाचे फोटो काढले असतील तर ते गाड्यांचे. खाणी जोरात होत्या त्या वर्षांत डिचोलीत महिन्याला दहा-बारा तरी नवे ट्रक यायचे. ट्रक आधी देवळापुढं जायचा, नारळ फुटायचा, चाकाखाली लिंबू चिरडायचं, मग हार घातलेल्या ट्रकाबरोबर मालक, मालकीण, पोरं आणि ड्रायव्हर असा फोटो. पुढं खाणी बंद झाल्या. तेच ट्रक आवारात उभे राहून गंजले, आणि तेच मालक परत तिच्याकडे आले. आता विक्रीसाठी फोटो हवे होते. तिनं तेही काढले. गंज लपवला नाही.

सखाराम त्या ट्रकांवरचा. वीस वर्षं खनिजाचे ट्रक, मग अकरा वर्षं मिळेल ती गाडी. डिचोली-सावर्डे-वास्को सगळ्या रस्त्यांवर त्यानं टायर झिजवले होते, पण कुणाच्या सायकलीला धक्का लावल्याचं कुणी सांगितलं नसतं. दारूला तो शिवत नसे. लग्नात पेला पुढं आला तर "माका सोडा द्या, नुसतो" म्हणे, आणि पोरं त्याला सोडेकाका म्हणून चिडवत.

गेली दीड वर्षं तो गुरुदासाकडे होता. गुरुदास इमारतींची कंत्राटं घेई. सर्वणच्या रस्त्याला त्याची चार मजली इमारत उभी राहत होती.

"काढून टाकल्यान म्हणजे? कशासाठी?" चंद्रावतीनं कॅमेरा खाली ठेवला.

"डाव्या बाजूच्या मागच्या दाराक पोचो पडलो हा. हातभर लांब, पण खोल नाय. सोमवारी सकाळी ऊन तिरपा इला, तेव्हा पात्रांवाक दिसलो. म्हणता, तूच खंयतरी लावलंस. मी म्हटलंय, पात्रांव, माझ्या हातातून गाडी खंय लागूक नाय. तर सगळ्या कामगारांसमोर, चौदा माणसां हुती बाय, मी मोजलंय, चौदा माणसांसमोर पात्रांव म्हणालो, दारू पीके चलाता है. हिंदीत! सगळ्यांका कळाक व्हया म्हणून."

"तुला? दारू?"

"ह्यो फेणी ढोसता, असा तो म्हणालो." सखारामानं मान खाली घातली. "मी म्हटलंय, पोचो आदीचोच आसतलो. तर पात्रांव माका हापिसात घेऊन गेलो आणि भिंतीवरचो तुझ्या हातचो गाडयेचो फोटो दाखयल्यान. दसऱ्याचो. म्हणता, बघ, दसऱ्याक दार कसा आरशासारखा. आता बोल."

चंद्रावतीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती रागावली की आधी पाळ्या लाल होत. बाजारातले जुने लोक ते बघून विषय बदलत.

तिचा फोटो. तिच्या फोटोवर बोट ठेवून एका माणसाला बेवडा ठरवलं होतं.

"तिथंच बस," ती म्हणाली. "हलू नको." आणि कंप्युटरापुढं जाऊन बसली.

दसऱ्याची सकाळ तिला लख्ख आठवत होती, कारण ती तिच्या मनाविरुद्ध गेली होती.

गुरुदासानं काळी गाडी घेतली होती. मोठी, उंच, शाईसारखी काळी. आदल्या दिवशी त्याचा फोन आला, "ताय, उद्या धा वाजता देवळापुढं. नवी गाडी. मोठा फोटो करून हापिसात लावायचा आहे." चंद्रावती म्हणाली, "धा वाजता नको. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं मिळतात, तेव्हा ये. आभाळ सगळीकडून सारखं असतं, गाडीवर रेघ उठत नाही. नाहीतर झाडीजवळ लाव, हिरव्या काळोखापुढं." गुरुदास म्हणाला, "पूजेचा मुहूर्त सकाळचा आहे गो. संध्याकाळी हार सुकतात."

काळी गाडी काय असते ते चंद्रावतीला बापानं शिकवलं होतं. गोकुळदास म्हणायचा, "काळ्या रंगाचा फोटो निघत नाही, चंद्रा. त्याच्यात जे पडतं त्याचा निघतो." पांढऱ्या गाडीचं तसं नसतं, ती स्वतः दिसते. काळ्या गाडीच्या दारात मात्र सगळं गाव येऊन उभं राहतं. देवळाची चुन्याची भिंत, निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, विजेचा खांब, चपला, आणि सगळ्यांच्या मधोमध कॅमेरा धरून उभी असलेली फोटोवाली. म्हणून काळ्या गाडीच्या कामाला ती काळीच साडी नेसून जाई, भिंगाला फिरवायची गडद काच लावी, आणि लांब भिंग घेऊन तीस-चाळीस पावलं मागं सरे, म्हणजे दारात ती स्वतः माशीएवढीच उरे. गडद काच फिरवली की पुढच्या काचेवरचं आणि बोनेटावरचं आभाळ बरंच पुसलं जातं. पण दाराला सरळ समोरून बघितलं तर तिचा काही इलाज चालत नाही. तिथं दुसरा उपाय: दारासमोर, फोटोवालीच्या पाठीमागं, काहीतरी मोठं, गडद, एका रंगाचं धरायचं. दारात तेच पडतं, आणि बाकीचं गाव बाहेर राहतं.

दसऱ्याला ती काळी साडी नेसून देवळात आली तेव्हाच बायकांनी नाकं मुरडली. "चंद्रावतीताय, सणाच्या दिवशी काळं?" एकीनं विचारलं. "गाडीला विचार," ही म्हणाली. मग तिनं पिशवीतून मोठं काळं कापड काढलं, तशी गुरुदासाची बायको श्रद्धा पुढं आली. "ताय, तेवढं नको हां. नव्या गाडीपुढं दसऱ्याचं काळं कापड धरायचं? सासूबाई इथं असत्या तर मला जिवंत ठेवली नसती." भटजींनीही वर बघितलं. चंद्रावतीनं कापड परत पिशवीत कोंबलं. देवाच्या दारात भांडण नको, एवढं ती मानत असे.

तेव्हा सखाराम म्हणाला, "माझ्याकडे ताडपत्री आसा. निळी. काळ्यासारखीच, पण काळी नाय." खनिजाच्या ट्रकावर घालायची, जाड, गडद निळी. ती तो गाडीच्या मागच्या भागात ठेवी. दोन कामट्यांना बांधून एका बाजूनं सखारामानं आणि दुसऱ्या बाजूनं फुलवाल्यानं ताडपत्री उभी धरली. दारातलं सगळं गाव नाहीसं झालं. काळं, गुळगुळीत, नितळ दार. चंद्रावतीनं फोटो काढला आणि तिला तो आवडला. तेच आता तिला जिव्हारी लागत होतं.

कारण पोचा दिसतो तो रेषेमुळं. काळ्या रंगावर उथळ पोचा पडला तर तो डोळ्यांना दिसत नाही. दारात पडलेल्या खांबाची, भिंतीची, दोरीची रेषा त्या जागी वाकते, तेव्हा कळतं. तिनं ताडपत्री धरून सगळ्या रेषा काढून टाकल्या होत्या. पोच्याला वाकवायला काही उरलंच नव्हतं. आणि ती ताडपत्री धरली होती सखारामानं. स्वतःच्या हातानं त्यानं स्वतःचा साक्षीदार झाकला होता, आणि तोसुद्धा तिच्या सांगण्यावरून. "जरा वर. अजून वर. हं, आता हलू नको."

कंप्युटरात ती दसऱ्याच्या दिवसापाशी आली. चंद्रावती फोटो पुसत नसे. बिघडलेले, डोळे मिटलेले, हललेले, सगळे तारखेसकट ठेवी. दसऱ्याचे चव्वेचाळीस होते. ताडपत्री उभी राहायच्या आधीचे नऊ. तिनं एकेक मोठा करून बघितला. पहिल्या तिनांत गाडी तिरपी. चौथ्यात कुणी मध्ये आलेलं. पाचव्यात ती थांबली.

पाचव्या फोटोत दारात देवळापुढच्या पताकांची दोरी पडली होती. दोरी डावीकडून सरळ येत होती, मागच्या दाराच्या मध्यावर आल्यावर एकदम खाली दबत होती, आणि हातभर पुढं जाऊन परत सरळ होत होती. त्या दोरीच्या खाली गुरुदास स्वतः. पांढरा सदरा, हातात कंगवा. दारात बघून भांग पाडत होता. दारातल्या त्याच्या पोटाच्या जागी आडवी खाच पडली होती, जणू कुणी मधोमध दोरा बांधून आवळलं असावं.

घड्याळ सांगत होतं: चोवीस ऑक्टोबर, सकाळचे दहा वाजून बारा मिनिटं.

"मी हे त्या दिवशी बघितलं होतं," ती हळू म्हणाली. "भिंगातून. मला वाटलं दोरीच सैल आहे." हातातला चष्मा तिनं मेजावर आपटला. "गाढव मी! पन्नास वर्षं हेच करते आणि दोरी सैल वाटली मला!"

सखाराम उठून आला, वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "ह्यो तोच पोचो."

"तोच. चल."

"खंय?"

"गुरुदासाकडे. पायताण घाल."

तिनं पाचवा फोटो मोठा छापून घेतला, त्याआधीचा आणि नंतरचा पण घेतला. स्टुडिओला कुलूप लावलं. दारात दोन पोरी आधार कार्डाच्या फोटोसाठी उभ्या होत्या, त्यांना म्हणाली, "दुपारी या. आता माणसाचं काम आहे."

गुरुदासाचं हापिस बाजाराच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर. जनेलाला निळे पडदे, मोठं मेज, आणि मेजामागच्या भिंतीवर तो फोटो. तीन फूट रुंद, सोनेरी चौकटीत. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'गोकुळदास फोटो स्टुडिओ, डिचोली'.

"ये गो ताय, बस. च्या सांगू?" गुरुदास म्हणाला. मागं उभ्या सखारामाला बघून त्याचा आवाज बदलला. "ह्याला कशाला आणलंस?"

"च्या नको. हे बघ." तिनं तीन फोटो मेजावर मांडले. "ताडपत्री धरायच्या आधीचे. दसऱ्याचे. दोरी बघ. आणि तुझं पोट बघ."

गुरुदासानं बघितलं. त्याच्या डोळ्यांत एक क्षण काहीतरी हललं. मग तो मागं टेकला आणि हसला. "ताय, हल्ली कंप्युटरावर माणसाला शेपूट पण लावता येतं. मी काय तुला शिकवायचं?"

पाळ्या लाल झाल्या.

"गुरुदास," ती म्हणाली, "तुझा दहावीच्या फॉर्मचा फोटो मी काढला. नाकावर एवढा मोठा फोड होता तुझ्या. तुझी आई रडत आली, फोड काढा म्हणून. मी काढला?"

गुरुदासाचा हात नकळत नाकाकडे गेला.

"तुझ्या आईसाठी तुझा फोड काढला नाही. आता ह्या सखारामासाठी पोचा घालीन? माझ्यावर एवढा संशय असेल तर कार्ड आणलंय. कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड. बोलाव तुझ्या ओळखीच्या कुणाला, तपासू दे."

"संशय नाही गो..."

"मग काय आहे?"

बाहेर कुणीतरी जिना चढत होतं. गुरुदासानं उठून दार लावून घेतलं. परत बसला तेव्हा आवाज खाली आला होता. "बरं, असेल पोचा आधीचा. दुकानदारानं फसवलं मला. सखाराम, तू उद्यापासून ये. झालं गेलं विसर. बाहेर मात्र बोलायचं नाही कुणाशी."

चंद्रावती त्याच्याकडे बघत राहिली. "कशाबद्दल बोलायचं नाही?"

"म्हणजे... पोच्याबद्दल."

"का?"

गुरुदासानं मेजावरची पेन्सिल सरळ केली. आणि तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नव्या गाडीला पोचा कसा असेल? गाडी नवी नव्हती. कुणाची तरी वर्ष-दोन वर्षं वापरलेली गाडी घासूनपुसून घेतली होती, आणि गावभर सांगितलं होतं नवी. पोचा जुना म्हटला तर गाडीही जुनी ठरत होती. त्यापेक्षा ड्रायव्हर बेवडा ठरलेला बरा.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"पोच्याचं नव्हतं, देवाशपथ! सोमवारी खरंच वाटलं, ह्यानं लावलं. मग..."

"मग कळलं. कधी?"

"त्याच दिवशी संध्याकाळी. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, होता तसा थोडासा."

"आज गुरुवार." चंद्रावतीनं बोटं मोजली. "सोमवार संध्याकाळ, मंगळवार, बुधवार. तीन दिवस तू हे जाणतोस आणि हा माणूस तीन दिवस बाजारात मान वर करून चालू शकत नाही. वाटेत हा सांगत होता, त्याच्या बायकोला पाण्याच्या नळावर विचारलं, तुझो घोव कधीपासून पिता. गुरुदास, गाडी जुनी असली तर मला काय? मी जुन्या गाड्यांचे फोटो काढते, नव्यांचे काढते. जुनी गाडी घेणं हा काय गुन्हा आहे? पण स्वतःची गाडी नवी दिसावी म्हणून दुसऱ्याच्या अब्रूला पोचा पाडणं..." तिनं मेजावर तळहात मारला. "लाज नाही वाटत?"

"कामावर परत घेतो म्हटलं ना! आणखी काय करू?"

"जिथं बोललास तिथं परत घे. चौदा माणसांसमोर."

"ताय, कामगारांसमोर मालकानं... कसं दिसेल ते?"

"सोमवारी जसं दिसलं तसंच. फक्त उलट."

"ते नाही जमायचं." गुरुदासानं पेन्सिल परत तिरपी केली. "मी हिशोबानं बोललो. कामावर घेतो, पुरे झालं."

चंद्रावती उठली. मेजाला वळसा घालून मागं गेली, एक खुर्ची ओढली, जुनी लाकडी कदेल, आणि साडी सावरून तिच्यावर चढली. एकोणसाठ वर्षांची बाई कदेलीवर चढली तसे दोघंही पुढं धावले. "ताय, पडशील!" "बाय, सांभाळ!" तिनं कुणाचं ऐकलं नाही. दोन्ही हातांनी सोनेरी चौकट उचलली, फिरवली, आणि फोटोचं तोंड भिंतीकडे करून परत खिळ्याला टांगली. मागचा पिवळट पुठ्ठा आणि तार हापिसाकडे बघू लागले.

"तो मी विकत घेतलेला आहे!" गुरुदास ओरडला.

"फोटो तुझा. खालचं नाव माझ्या बापाचं." ती खाली उतरली. श्वास लागला होता. "माझ्या बापाच्या नावानं इथं खोटी साक्ष चाललीय. ती मी बंद केली. सरळ करायचा असेल तर खालचं नाव कापून मग सरळ कर. आणि कामगारांची च्या दहा वाजता असते ना? आता पावणेदहा झालेत. तू येतोस, की मी हे तीन फोटो घेऊन एकटी जाऊ?"

गुरुदासानं घड्याळाकडे बघितलं नाही. भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बघितलं. बाहेर बसलेली कारकून मुलगी दार किलकिलं करून आत डोकावली होती, तिनंही पुठ्ठ्याकडे बघितलं आणि पटकन दार लावलं. दुपारपर्यंत ही गोष्ट बाजारात पोचणार हे दोघांनाही कळलं.

"चल," तो म्हणाला.

काळ्या गाडीतून तिघंही गेले. गुरुदासानं चावी सखारामापुढं धरली, पण सखारामानं हात मागं घेतला. "आज तुमीच चालवा पात्रांव." गुरुदासानं चालवली. वळणावर दोनदा गाडी घाबरट घोड्यासारखी दचकली. मागच्या सीटवर सखारामानं एकदा डोळे मिटून घेतले.

इमारतीपाशी कामगार सावलीत बसले होते. पोदेराच्या भट्टीतला पाव, पातळ भाजी, स्टीलच्या पेल्यांत चहा. पात्रांवाबरोबर सखाराम आणि फोटोवाली बघून सगळे उठून उभे राहिले. मुकादम पुढं आला.

गुरुदासानं घसा साफ केला. "सोमवारी मी सखारामाला बोललो. ते... दाराचं. ते त्यानं केलेलं नाही. आधीचंच होतं." मराठीत, घाईघाईनं, जमिनीकडे बघून. आणि तो वळला.

अर्धे कामगार एकमेकांकडे बघत होते. कुणी हुबळीचे, कुणी झारखंडचे, त्यांना काही कळलं नव्हतं.

"गुरुदास," चंद्रावती म्हणाली. "हिंदीत."

"ताय..."

"शिवी हिंदीत दिलीस. सगळ्यांना कळावी म्हणून."

गुरुदासाचं तोंड त्याच्या गाडीसारखं झालं, पण तो परत फिरला. "सखाराम ने गाड़ी नहीं ठोकी. दरवाज़ा पहले से दबा हुआ था."

मागून एक पोरगेला गवंडी म्हणाला, "पर सेठ, गाड़ी तो नई थी ना?"

कुणीतरी हसलं. मग हसू पसरलं. मुकादमानं तोंडावर हात धरला, पण त्याचे खांदे हलत होते. गुरुदासानं रुमाल काढून मान पुसली. "पुरानी है," तो म्हणाला. "सेकंड हैंड. बस?"

"बस नाही," चंद्रावती म्हणाली. "फेणीचं राहिलं."

आता कुणी हसलं नाही. चहाचे पेले हातात तसेच राहिले. सखाराम सगळ्यांपासून चार पावलं दूर उभा होता, हात पाठीमागं बांधून, गाडीकडे बघत.

"सखाराम दारू नहीं पीता," गुरुदास म्हणाला. थांबला. बाईकडे बघितलं. तिनं मान हलवली नाही. "मैंने झूठ बोला था. ग़लती मेरी."

एका म्हाताऱ्या हुबळीवाल्यानं आपला चहाचा पेला सखारामापुढं धरला. सखारामानं तो घेतला, एक घोट घेतला, आणि परत दिला.

"चला, झालं," गुरुदास म्हणाला. सुटल्यासारखा मोठा श्वास घेऊन त्यानं चावी पुढं केली. "घे. उद्या साडेआठला ये."

"नको पात्रांव." सखारामाचा आवाज मऊच होता. "तुमचो राग नाय. पण माका आता त्या गाडयेत बसूक बरा वाटणार नाय. वास्कोक अर्ज करतंय. थंयचो माणूस विचारतलो, आदीच्या मालकान कित्याक सोडल्यान. कोणीतरी तेका सोमवारचा सांगितला आसतला. गोवा केवढो?" त्यानं खिशातून चार घड्यांचा कागद काढला. त्यावर एक नंबर होता. "तुमीच सांगा तेका. आता."

"आता? इथं?"

"हयसरच. माका ऐकूक व्हया."

गुरुदासानं चंद्रावतीकडे बघितलं. ती आभाळाकडे बघत होती, जणू ढगांचा अंदाज घेत असावी. त्यानं फोन काढला, कागद डोळ्यांजवळ धरून एकेक आकडा दाबला, आणि फोन कानाला लावला.

"हां, नमस्कार. मी डिचोलीतून गुरुदास बोलतो. तुमच्याकडे सखाराम म्हणून ड्रायव्हर अर्ज करतोय... हां, तोच. दीड वर्ष होता माझ्याकडे... नाही नाही, त्यानं नाही, माझीच चूक झाली त्यात... एकतीस वर्षं. एक ओरखडा नाही... दारू?"

तो थांबला. चौदा माणसं ऐकत होती. सखाराम जवळ आला, अगदी दीड हातावर, आणि मान किंचित तिरपी करून उभा राहिला, जुन्या ट्रकाचं इंजिन ऐकावं तसा.

"कधीच नाही," गुरुदास म्हणाला. "लग्नात पण नुसता सोडा पितो."